खेळणी जिवंत करताना: कमी खर्चातील विज्ञानकथात्मक बालचित्रपटाची कार्यपद्धती

जिवंत खेळण्यांवर चित्रपट करायचे ठरले की पहिली चिंता पडते ती खेळणी हलवायची कशी याची, आणि बहुतेक अंदाजपत्रके याच चिंतेपायी कोलमडतात. वास्तविक, कापडी ससा कपाटावर बसलेला दिसतो, कॅमेरा त्याच्यावरून दूर जातो, परत येतो तेव्हा त्याची मान किंचित वळलेली असते आणि समोरच्या मुलीचा श्वास अडकलेला असतो. एवढ्यावर प्रेक्षकाने तो ससा जिवंत मानलेला असतो. कमी पैशांत काम करणाऱ्याने खेळणे किती हलते यापेक्षा ते कधी आणि का थांबते याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे; पुढील सर्व पायऱ्या त्याच मतावर रचलेल्या आहेत.

एक हिशेब प्रारंभीच मांडतो. ८० मिनिटांचा चित्रपट म्हणजे ४८०० सेकंद. एक शॉट सरासरी ५ सेकंदांचा धरला तर ९६० शॉट होतात. त्यांपैकी निम्म्या शॉटमध्ये खेळणी दिसतील असे मानले तरी ४८० शॉट उरतात. हे सर्व स्टॉप मोशन पद्धतीने, म्हणजे खेळणे किंचित हलवून दर वेळी एक छायाचित्र काढत, सेकंदाला १२ छायाचित्रे या हिशेबाने करायचे ठरवले तर २८,८०० छायाचित्रे काढावी लागतील, आणि एका माणसाचे दिवसाला ५ सेकंद काम झाले, जे नवख्याच्या दृष्टीने उत्तमच म्हणावे लागेल, तरी ४८० दिवस लागतील. याउलट ४८० पैकी ३०० शॉटमध्ये खेळणे स्थिर ठेवले, १४० शॉट हाताने, काडीने किंवा दोऱ्याने हलवून घेतले आणि उरलेले ४० शॉट ३-३ सेकंदांचे स्टॉप मोशन ठेवले, तर १४४० छायाचित्रे आणि २४ दिवस पुरतात. पटकथा लिहितानाच ही विभागणी डोळ्यासमोर असावी.

पहिली पायरी: नियम ठरवा, आणि तो पैसे वाचवणारा असू द्या

विज्ञानकथा आणि परीकथा यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे नियम. खेळणी जादूने जागी झाली की प्रेक्षक प्रश्न विचारत नाही. ती एखाद्या कारणाने जागी झाली की लहान प्रेक्षकसुद्धा त्या कारणाची परीक्षा घेऊ लागतो, आणि साहसाची गंमत त्या परीक्षेतच असते. या लेखासाठी एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांची मुलगी माळ्यावर सापडलेला जुना रेडिओ दुरुस्त करते. तो तबकडीवरील एका विशिष्ट ठिकाणी लावला की त्याच्या लहरींच्या पट्ट्यातील खेळणी जागी होतात आणि पट्ट्याबाहेर गेली की होती तशी थिजतात.

हा नियम निर्मितीच्या सोयीचा का आहे ते पाहावे. खेळणी थिजण्याला कथेतच कारण मिळाल्यामुळे स्थिर शॉट लबाडीचे वाटत नाहीत. उलट तेच सर्वांत तणावाचे ठरतात. पट्टा लहान असल्याने बहुतांश कथा एका घरात घडते. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे दृश्य परिणामांचा खर्च ध्वनीकडे वळतो. शिवाय खरे विज्ञान कथेला वळणे पुरवते: उघड्यावर अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाई उरते, धातूच्या बंद पेटीत रेडिओलहरी पोहोचत नाहीत, बॅटरी उतरते, अँटेनाची दिशा बदलली की ग्रहण बदलते. पत्र्याच्या ट्रंकेत पडून थिजलेला ससा हा प्रसंग त्यामुळे सहज सुचतो, आणि त्यासाठी लागणारा विशेष परिणाम म्हणजे एक ट्रंक.

नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि चित्रपटात तो कोणीही भाषणातून सांगता कामा नये. मुलीने तो तीन प्रयोगांतून शोधावा: पहिला अपघाताने, दुसरा मुद्दाम, तिसरा चुकणारा. खेळणी कोणीतरी पाहत असताना निर्जीव होतात, ही कल्पना मात्र टाळावी. ती फार वापरून झाली आहे आणि मूल व खेळणे यांना एका चौकटीत येऊ देत नाही. मूल आणि खेळणे एकमेकांशी बोलतात तेथेच तर अशा चित्रपटाचा जीव असतो.

दुसरी पायरी: पटकथा आणि चित्रकच्चा

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब येथे फसतो, कारण ‘ससा टेबलावरून उतरतो’ हे तीन शब्द दोन दिवस खाऊ शकतात. म्हणून पटकथेच्या समासात प्रत्येक शॉटसमोर अ (स्थिर), ब (हाताने चालवलेला) किंवा क (स्टॉप मोशन) अशी खूण करावी. एखाद्या प्रसंगात तीनपेक्षा जास्त क आले की तो प्रसंग पुन्हा लिहावा. बहुतेक वेळा असे आढळते की उतरण्याची क्रिया दाखवण्याची गरजच नव्हती. टेबलाच्या कडेला लोंबणारा दोरा, धपकन आवाज आणि मुलीचे खाली झुकणे पुरेसे होते.

यानंतर साधी रेखाटने काढून, त्यांवर स्वतःच्याच आवाजात संवाद बोलून, सर्व चित्रे कालक्रमाने जोडावीत. हा कच्चा चित्रपट कंटाळवाणा वाटत असेल तर पक्काही वाटेल. स्टॉप मोशनमध्ये शॉटच्या मागेपुढे संकलनासाठी राखीव भाग काढणे परवडत नाही, म्हणून क शॉटची लांबी येथेच फ्रेमच्या, म्हणजे एकेका चित्राच्या, हिशेबाने निश्चित करावी.

तिसरी पायरी: खेळणी

बाजारात मिळणारी ओळखीची खेळणी नायक म्हणून वापरू नयेत. त्यांच्या रूपावर आणि नावावर उत्पादकांचे हक्क असतात, आणि चित्रपट वितरणासाठी गेला की पहिली हरकत तेथेच निघते. शेल्फवर मागे दिसणाऱ्या खेळण्यांनाही हीच काळजी लागू आहे. स्वतः शिवलेला ससा, स्वतः ठोकलेला पत्र्याचा यंत्रमानव आणि लाकडी हत्ती एवढी तीन पात्रे पुरेत. तिघांची द्रव्ये वेगळी असावीत, कारण द्रव्य वेगळे म्हणजे चाल वेगळी, आवाज वेगळा, स्वभाव वेगळा.

प्रत्येक मुख्य खेळण्याच्या किमान तीन प्रती करा. पहिली मुलीच्या हातात देण्याची; ती मऊ, बिनधोक आणि आत काहीही नसलेली असावी. दुसरी काडीवर चालवण्याची, जिच्या पाठीत, टाचेत आणि डोक्यामागे काडी बसवण्याची भोके असतात. तिसरी स्टॉप मोशनसाठी, आत सांगाडा असलेली. सांगाड्याला मऊ ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून वापरावी. हाडांच्या जागी तिच्यावर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी चढवून ती कडक करावी आणि सांध्यांची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाक सांध्यातच पडतो. ही तार वारंवार वाकवल्याने हमखास तुटते, आणि तुटते ती शॉटच्या मध्यात. म्हणून हातपाय काढता-घालता येतील असे करून दोन जादा जोड तयार ठेवावेत.

डोळ्यांवर मात्र वेळ घालवावा. पांढरा मणी आणि त्याचे भोक हीच डोळ्याची बाहुली, अशी रचना केली तर टाचणीच्या टोकाने नजर फिरवता येते. खेळण्याला तोंड हलवता येण्याची काहीच गरज नाही. वाक्यातील ठळक शब्दावर मान किंचित हलली आणि बाकी शरीर शांत राहिले की तेच बोलते आहे हे कळते. दोन खेळणी एकत्र असतील तर बोलणारे हलते आणि ऐकणारे स्थिर राहते, एवढा एक शिरस्ता पाळला तरी गोंधळ होत नाही. ससा करताना लांब लोकर मात्र वापरू नका. स्टॉप मोशनमध्ये बोट लागेल तेथे लोकरीचे केस दर छायाचित्रात वेगळे बसतात आणि पडद्यावर तो ससा अंगात मुंग्या शिरल्यासारखा शहारत राहतो.

चौथी पायरी: हाताने चालवणे

चित्रपटातील खेळण्यांच्या हालचालींचा मोठा वाटा या पद्धतीने उरकावा, कारण ती जलद आहे आणि मुलीला समोर खरे काहीतरी मिळते. टेबल किंवा बिछाना उंच मचाणावर घ्या, म्हणजे खालून हात घालता येतात. चालवणाऱ्यासमोर कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा मॉनिटर असलाच पाहिजे. त्यातले चित्र आरशासारखे उलटे नसल्याने पहिले दोन दिवस हात विरुद्ध दिशेला जातात, त्यामुळे तेवढा सराव चित्रीकरणाआधीच करून घ्यावा.

काडी दिसली तर घाबरू नये. कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधून आधी खेळणे आणि काडी नसलेला रिकामा शॉट, म्हणजे क्लीन प्लेट, काही सेकंद घ्यावा. मग खेळण्याचा शॉट घ्यावा. संकलनात काडीभोवती मास्क आखून तेथे मागचे रिकामे चित्र उघडे करावे. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यासाठी पुरेशी आहे. अट एकच, की दोन्ही शॉटमध्ये प्रकाश, फोकस आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घेतला जातो ते माप) तंतोतंत तेच हवेत. काडीची सावली विसरली जाते आणि तीच पुसायला सर्वांत अवघड असते, म्हणून काडी शक्यतो खेळण्याच्या स्वतःच्या सावलीच्या बाजूने आणावी.

उडण्यासाठी बारीक नायलॉनचा दोरा वापरताना तो मागच्या भिंतीच्या रंगाने रंगवून त्याची चकाकी घालवावी. लोंबत्या वस्तूच्या वर दोरा असणार हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याने तो वरच शोधतो. जुन्या लघुप्रतिकृतीकारांची युक्ती अशी, की खेळणे उलटे टांगायचे आणि कॅमेराही उलटा लावायचा. दोरा मग पडद्यावर खेळण्याच्या खाली येतो आणि तेथे कोणी पाहत नाही.

पाचवी पायरी: स्टॉप मोशन

हे ४० शॉट एका बंद खोलीत, मुलीच्या चित्रीकरणानंतर निवांत घ्यावेत. खिडक्या काळ्या कापडाने पूर्ण झाकाव्यात. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करावेत. तरीही चित्र लुकलुकते तेव्हा दोष बहुधा भिंगाच्या पडद्याचा, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र लहानमोठे करणाऱ्या भागाचा, असतो: स्वयंचलित भिंग दर छायाचित्राला उघडून पुन्हा मिटते आणि प्रत्येक वेळी अगदी त्याच मापावर मिटत नाही. हाताने पडदा लावायचे जुने भिंग हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. विजेच्या दिव्यांचे स्पंदन अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर ठेवले की सरासरीत विरून जाते. चालवणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि दर छायाचित्राच्या वेळी एकाच जागी उभे राहावे. लाल सदरा घालून पुढेमागे वावरणाऱ्या माणसामुळे पांढऱ्या सशाच्या गालावर लाली येते आणि जाते.

खेळण्याचे पाय टाचणीने, खाली चुंबक धरून किंवा चिकट मातीने जागेवर रोवावेत. हालचाल समान टप्प्यांनी करू नये. हात उचलायचा असेल तर टप्पे १, २, ४, ६, ६, ४, २, १ मिलिमीटर असे वाढत जाऊन घटत यावेत, म्हणजे त्या हाताला वजन येते. चालण्याचे एक पाऊल सेकंदाला १२ छायाचित्रांच्या हिशेबाने ६ छायाचित्रांत बसते. यंत्रमानवाचे पाऊल ४ छायाचित्रांत उरकून पुढची २ तसेच गोठवले की पत्र्याचा ठोका आपोआप जाणवतो. जागे असलेले खेळणे थांबते तेव्हा ते पूर्ण गोठवू नका. दर ५-६ छायाचित्रांनी छाती केसभर वर किंवा खाली करा. ज्या क्षणी लहरी तुटतात त्या क्षणी हे श्वसनही बंद करा. या दोन थांबण्यांतील फरक कोणी बोलून दाखवणार नाही, पण लहान मुले तो अचूक टिपतात, आणि सारा चित्रपट त्याच फरकावर उभा आहे.

सहावी पायरी: भिंग, उंची आणि वजन

कॅमेरा खेळण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की खोली जग बनते. माणसाच्या उंचीवरून पाहिले की खेळणे वस्तू बनते. हा बदल कथेच्या कामी लावावा: खेळणे जागे असताना कॅमेरा खाली, थिजले की वर. जवळून घेतलेल्या लहान वस्तूत फोकसची खोली फार उथळ असते, त्यामुळे भिंगाचा पडदा एफ ८ ते एफ ११ पर्यंत मिटावा (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान) आणि तेवढा प्रकाश वाढवावा. एफ २२ पर्यंत गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सारेच चित्र मऊ पडते.

पडण्याच्या शॉटचे गणित उपयोगी आहे. ७५ सेंटिमीटर उंच टेबलावरून खेळणे जमिनीवर येण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतात, म्हणजे २४ फ्रेमच्या गतीने अवघ्या ९ फ्रेम. ४८ फ्रेमच्या गतीने चित्रीकरण करून २४ ने दाखवले तर १९ फ्रेम मिळतात आणि ते पडणे कड्यावरून पडल्यासारखे भासते. लघुप्रतिकृतींचा नियम असा, की वस्तू जितक्या पटीने मोठी भासवायची त्या पटीच्या वर्गमुळाने फ्रेमगती वाढवावी. चौपटीसाठी दुप्पट, सोळापटीसाठी चौपट. मात्र हा नियम सरसकट लावू नये. ससा हलका आणि लहान आहे हे प्रेक्षकाला जाणवलेच पाहिजे, म्हणून मुलीच्या नजरेतून तो पटकन पडावा आणि सशाच्या स्वतःच्या नजरेतून सावकाश.

सातवी पायरी: बालकलाकार

मुलांच्या कामाचे तास, विश्रांती, शिक्षण आणि परवानग्या यांबाबतचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत. ते वेळापत्रक आखण्यापूर्वी वाचावेत, नंतर नव्हे. पालक किंवा जबाबदार व्यक्ती सेटवर सतत हवी. दिवसाचे पहिले, ताजे तास मुलीच्या समोरून घेतलेल्या शॉटना द्यावेत. खांद्यामागून घेतलेले शॉट आणि हातांचे जवळचे शॉट शेवटी ठेवावेत.

अंदाजपत्रकातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा परिणाम म्हणजे मुलीची नजर. समोर काही नसताना ‘येथे ससा आहे असे समज’ असे सांगितले तर तिचे डोळे सशाच्या जागेपलीकडच्या भिंतीवर स्थिरावतात, आणि जवळचे पाहताना दोन्ही डोळे जसे आत वळतात तसे ते वळत नाहीत. प्रेक्षकाला काहीतरी खोटे असल्याचे तात्काळ जाणवते. म्हणून तेथे खरे खेळणे, निदान त्याच उंचीवर काडीला लावलेला मणी असावा आणि संवाद म्हणणारी व्यक्ती त्याच्या अगदी शेजारी बसलेली असावी.

सुरक्षेबाबत एक गोष्ट निक्षून सांगतो. बटणाच्या आकाराच्या लिथियम बॅटऱ्या आणि बारीक, जोरदार चुंबक मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नयेत. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजते, आणि एकाहून अधिक चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंती एकमेकांत चिमटतात. या वस्तूंचा कप्पा स्क्रूने बंद असावा आणि दिवस संपताना त्या मोजून डब्यात ठेवण्याचे काम एकाच माणसाकडे असावे.

आठवी पायरी: ध्वनी

संवाद स्टॉप मोशनच्या आधी ध्वनिमुद्रित करा, कारण मानेची हालचाल त्यांच्यावर बेतायची आहे. सशासाठी उंच आवाज हवा असेल तर कलाकाराने मुद्दाम सावकाश बोलावे आणि ध्वनी १.२ पट गतीने वाजवावा. स्वर साधारण तीन अर्धस्वरांनी चढतो आणि बोलण्याचा वेग नैसर्गिक राहतो. पावलांचे आवाज खऱ्या द्रव्यांवरून, मायक्रोफोन अगदी जवळ ठेवून घ्यावेत: गादीवर बोट, लाकडावर ठोकळा, फरशीवर पत्र्याचे झाकण.

रेडिओची गुणगुण हे चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचे पात्र आहे. ती केवळ ५० हर्ट्झसारख्या खोल स्वरात ठेवली तर फोन आणि टॅब्लेटच्या लहान स्पीकरमधून ऐकूच येणार नाही, आणि मुले बहुधा तेथेच पाहणार. म्हणून तिच्यात २०० ते ४०० हर्ट्झचे स्वर मिसळावेत. लहरी क्षीण होतात तसतशी गुणगुण विरत जावी, आणि तुटली की खोलीचा नेहमीचा आवाजही क्षणभर काढून टाकावा.

नववी पायरी: संकलन आणि चाचणी

कच्चे संकलन संगीताशिवाय आठ-दहा मुलांना दाखवा आणि तेव्हा पडद्याकडे न पाहता मुलांकडे पाहा. चुळबुळ कोणत्या मिनिटाला सुरू झाली, एवढेच टिपा. चित्रपट आवडला का, असे विचारू नका. मुले भिडेपोटी हो म्हणतात. ससा ट्रंकेत का थांबला, असे विचारा. उत्तर आले नाही तर नियम पोहोचलेला नाही, आणि त्यासाठी रेडिओची तबकडी, अँटेना किंवा विझणारा दिवा यांचे दोन-तीन जवळचे शॉट पुन्हा घ्यावे लागतील.

अशा पुनर्चित्रीकरणासाठी दोन-तीन दिवसांचा खर्च आरंभीच वेगळा काढून ठेवा, आणि मुलीचे कपडे, खेळण्यांच्या तिन्ही प्रती व भिंतीचा उरलेला रंग अंतिम प्रत हाती येईपर्यंत जपा. त्या अवधीत मुलीची उंची वाढते, केस कापले जातात, आणि दहाव्या वर्षी एखादा दुधाचा दात नेमका याच काळात पडतो. म्हणून जादा शॉट पाठमोरे, हातांचे किंवा खेळण्यांचे असतील असेच आखावेत.